क्लच बेबीनंदाच्या हातातला

नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन बेबीनंदाला आठवडाच झाला होता. सकाळचा चहा नवऱ्यापुढं ठेवत ती म्हणाली, "अहो, आता येझदी मी चालवणार."

राजानंद सरांनी पेपर खाली घेतला. ही मोटरसायकल त्यांच्या लग्नाआधीची. बेबीनंदाची जागा तिच्यावर कायम मागची. आरोग्य उपकेंद्राला जाता-येता तिनं स्कूटी चिक्कार पिदडली होती, पण क्लचशी तिची गाठ कधी पडली नव्हती.

"क्लच पार गेलाय तिचा," सर म्हणाले.

"मंग नवा टाकू की!"

क्लच गेला होता हे मात्र खरं. इंजिन बोंबलायचं आणि गाडी बसकण मारलेल्या बैलागत जागची हलायची नाही. दोघांनी ती ढकलत संपतच्या गॅरेजवर नेली. संपतनं झाकण खोलून झिजलेल्या प्लेटा बाहेर काढल्या आणि फळीवर दोन नवे जोड मांडले. एक जुन्या धर्तीचा, कॉर्कचे तुकडे बसवलेला. दुसरा कडक अस्तराचा.

"कॉर्क नरम पकडतो, पण जल्दी झिजतो," संपत म्हणाला. "हा दुसरा टिकायला पक्का. पण एकदम पकडतो, मावशी."

बेबीनंदानं कॉर्कवर अंगठा दाबला. तो किंचित दबला आणि सोडताच वर आला. तिला तो आवडला.

"हाच घेऊ या."

"आन् दरसाल गाडी खोलत बसू का?" सर म्हणाले. "टिकाऊ तेच बराबर."

गाडीच्या बाबतीत सरांचा शब्द शेवटचा, ही घरातली जुनी रीत. तिनं कॉर्कचा जोड संपतकडं परत सरकवला. कडक प्लेटा बसल्या.

संध्याकाळी गॅरेजमागच्या मोकळ्या प्लॉटात शिकवणी सुरू झाली. बेबीनंदानं ओढणी कमरेला खोचली. सर मागं बसले आणि त्यांनी सूचनांचा पाढा सुरू केला. "हळू सोड. अजून हळू. थोडा गॅस..."

तिनं क्लच सोडला. येझदीनं अशी उडी घेतली, की बेबीनंदा गाडीसकट पुढं गेली आणि सर मागच्या वाळूच्या ढिगावर बसून राहिले. हात अजून तसेच पुढं, तिच्या खांद्यावर ठेवल्यासारखे.

गाडी बंद पडली. बेबीनंदानं घाबरून मागं पाहिलं. "लागलं का हो?"

"न्हाई," सर म्हणाले. त्यांनी खिशातून मूठभर वाळू काढली आणि मग त्यांनाच असं हसू फुटलं, की उठताही येईना. "संपत! कॉर्कच बसव रे बाबा, कॉर्क!"

संपत म्हणाला, "सर, सवय झाली की हीबी बराबर चालंल."

"सवय होईपर्यंत मी उरलो पाहिजे न्हाई का?"

कॉर्कच्या प्लेटा बसवण्याआधी तेलात मुरवाव्या लागतात. बेबीनंदानं त्या घरी नेल्या आणि एका जुन्या पातेल्यात स्वतःच तेलात बुडवून ठेवल्या. सकाळी लोणच्याची बरणी हलवावी तशी पातेलं हलवून पाहिलं. संपतनं प्लेटा बसवल्या आणि ती पुन्हा प्लॉटात आली. या वेळी ती एकटीच होती. सर भिंतीला टेकून उभे राहिले. सांगायचं पुष्कळ होतं, पण त्यांनी ओठ घट्ट मिटले होते.

तिनं क्लच हळूहळू सोडला. कुठंतरी मध्यावर तिला हाताला जाणवलं, आतून गाडीनं धरलं. झटका न्हाई, हिसका न्हाई. येझदी फटफट करत निघाली. प्लॉटाला चक्कर मारून येईपर्यंत बेबीनंदा मोठ्यानं हसायला लागली होती आणि थांबायचं कसं हे विसरून तिनं आणखी दोन चकरा मारल्या.

पावसाळा सरेपर्यंत तिनं गिअरच्या गाडीचं लायसन काढलं. मग एका रविवारी ती माहेरी आष्टीला निघाली. सर मागं, मांडीवर डब्याची पिशवी. आवाज ऐकून तिचा धाकटा भाऊ भिवा दारात आला आणि बघतच राहिला.

"दाजी, तुम्ही मागं?"

"मागून रान लई झाक दिसतं रे," सर उतरत म्हणाले. "एवढी वर्षं मला कळलंच न्हाई!"

भिवाची बायको चपला घालत बाहेर आली होती. "वन्सं, मला न्या की एक चक्कर!"

बेबीनंदानं गाडी वळवली. भावजय मागं बसली. दोघी बाजाराच्या रस्त्यानं निघाल्या, तेव्हा चहाच्या टपरीवरची सगळी माणसं उठून उभी राहिली होती.