साजावरचं कुंकू

तू फक्त ऐकून घे बे. मधात बोलू नोको. तुले जे म्हणायचं ते आखरीले म्हण.

आपला सौंदडचा मोहित माहीत आहे ना, टेशनच्या रस्त्यावर मिक्सर-मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, तोच. त्यानं गिटारचा आवाज मोठा करते तो अँप बनवला होता. इकत आणला नाही, बनवला. जुन्या रेडिओत काचेचे वॉल्व राहत होते, चालू केले का आतून निखाऱ्यासारखे दिसत, तसले वॉल्व टाकून. ट्रान्सफॉर्मर गोंदियाले तार गुंडाळून बनवून आणला, पत्रा स्वतः कापला, एकेक तार स्वतः डागली. कोणासाठी? तं केवळराम मामासाठी.

हे केवळराम मामा त्याचे सख्खे मामा नाही. पण मोहितच्या हातात पहिल्यांदा गिटार देल्ली ते त्याईनंच, म्हणून मामा. आधी ते गोंदियाच्या ऑर्केस्ट्रात होते. मंग खुशालभाऊच्या नाटक कंपनीत आले आन् तिथंच राहिले. दिवाळी झाली का आपल्याकडं गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, आन् मंडईच्या मागं नाटक, होळीपर्यंत दम नाही. त्या नाटकात संगीताच्या बाजूले जे खुर्ची राहते ना, ते मामाची. बाकी साल ते काय करतेत, कोणी इचारत नाही. ते स्वतःही सांगत नाही.

आता अँपची गोष्ट. त्यात दोन चॅनल. एक साधा, गोड, लेकीच्या बिदाईचं गाणं असलं का तो. आन् दुसरा फाटका, करकरा, खलनायक आला का तो. पलटवायले पायाखाली टिनाची एक डबी, तिच्यावर बटन. एकदा दाबलं का फाटका, पुन्हा दाबलं का साधा. डबीची तार अँपात जाते, अँपातला रिले टक करून पलटते, बस. इतकी सोपी गोष्ट.

आन् तेच होऊन राहिलं नव्हतं.

समाजभवनात दिवसाची तालीम चालू. लेक सासरी जाऊन राहिली, मायच्या गळ्यात पडून राहिली, आन् मामाची गिटार अशी गुरकावली का जसा चिखलात फसलेला ट्रॅक्टर. माय बनलेली पुष्पाबाई रडता रडता हासली. खुशालभाऊनं तालीम थांबवली. मामा म्हणतेत, मी तं दाबलं होतं. एकदा झालं, दोनदा झालं, मंग रोजचंच झालं. कधी पलटेच ना, कधी दोनदा पलटून जागच्या जागी.

खुशालभाऊनं मोहितले बोलावून सगळ्यांसमोर सांगून टाकलं, का मंडईच्या आधी हे नीट झालं तं ठीक, नाहीतं वडश्याचा एक पोट्टा कीबोर्ड घेऊन यायले तयार बसला आहे. म्हणजे समज. अँप नाही चालला, तं मामाची खुर्ची गेली.

मोहितनं अँप दुकानात आणला, उलटा केला. रिले बदलला. रिलेले जे करंट भेटते ते मोजलं, बराबर. तारांचे सगळे डाग पुन्हा गरम केले. स्वतः पायानं बटन दाबून पाहिलं, दुपारभर दाबत बसला, बाजूचा पानठेलेवाला म्हणे, अबे शिलाई मशीन घेतली का? एकदाही चुकलं नाही. टक, साधा. टक, फाटका. तालमीत नेलं का पुन्हा तेच रडगाणं.

मंग त्यानं डबी खोलली. तं काय दिसलं? बटनाच्या भवताल लाल-काळं काहीतरी जमून वाळून गेलेलं. त्याले रागच आला. कारण आपल्याकडं माहीत आहे ना, तालीम असो का नाटक, आधी साजाची पूजा. हार्मोनियमले कुंकू, ढोलकले कुंकू, गिटारले कुंकू. आता डबी गिटारले जोडलेली, तं तेही साजच झाली, तिलेही कुंकू. मोहित म्हणे, तुमचं कुंकूच जाऊन राहिलं बटनात, चॅनल कसा पलटन? या डबीले कुंकू लावू नोका. खुशालभाऊ म्हणे, तुया डब्बा काय नास्तिक आहे का बे? सगळे हासले. पण लावणं बंद केलं.

मामाले तं त्यानं हेही म्हटलं होतं का चप्पल घालून दाबत जा, जोर बसते. मामाले ते आवडलं नाही. साजावर कोणी चप्पल ठेवते का, म्हणे. ते बसायच्या आधी चप्पल बाहेर काढत, वाकून डबीले हात लावत, तो हात कपाळाले लावत, आन् मंग उघडा पाय तिच्यावर ठेवत. आदत.

तं मोहितनं नवी डबी बनवली. त्याच मापाचा पत्रा, तसाच कापलेला. नवं बटन, नवी तार. आन् एक डोकं लावलं, अँपच्या मागच्या बाजूले एक हिरवा लाईट बसवला. डबीकडून हुकूम आला का लाईट बदलन, लागला असन तं बुझन, बुझला असन तं लागन. म्हणजे खराबी अँपाच्या आत आहे का बाहेर, ते तरी समजन.

दुसऱ्या दिवशी तालमीत तो अँपच्या मागं, जमिनीवर पालथा पडून राहिला. इकडून लाईट दिसते, तिकडून मामाचा पाय. बिदाईचं गाणं आलं. मामाचं ध्यान पुष्पाबाईच्या तोंडाकडं. गुडघा हालला, पाय खाली गेला, चेहऱ्यावर असं का झालं काम. लाईट बदललाच नाही. गिटार गुरकावली. म्हणजे हुकूमच गेला नाही. आन् डबी नवी, तार नवी, बटन नवं. मंग राहिलं काय?

त्यानं पायाकडं नीट पाहिलं. पाय बटनावर नव्हताच बे. बाजूले, पत्र्याच्या कोपऱ्यावर टेकला होता, पुरा जोर देऊन. आन् त्या नव्या डबीवर, जिले कोणी कुंकू लावलंच नव्हतं, लाल दिसून राहिलं होतं. ओलं.

 मोहित तसाच पुढं सरकला, खिशातला टेस्टर काढला, आन् त्याची टोकाची बाजू हळूच मामाच्या अंगठ्याले टोचली. मामा गिटार वाजवून राहिले. अजून थोडी टोचली. मामाचं ध्यान गाण्यात. पाय जसा त्याईचा नव्हताच.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मोहितनं मामाचा पाय मांडीवर घेतला. मामा नोको नोको म्हणत होते. तळव्याले, करंगळीच्या खाली, फाटलेलं. नवं नाही. वरून पिवळं, बाजूनं काळं. आन् मोहितले समजलं का हा त्याच्याच पत्र्याचा कोपरा. कात्रीनं कापला, कानस मारली नाही. पहिल्या डबीलेही नाही, दुसऱ्या डबीलेही नाही.

"दुखत नाही का मामा?"

"दुखलं असतं तं बरं झालं असतं."

मंग मामानं सांगितलं, का साखर आहे कितीक सालांपासून, गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही घेतल्या. पावसाळ्यापासून पाय कुठं पडला ते मालूमच होत नाही. चप्पल रस्त्यात निघून जाते आन् घरी आल्यावर समजते. घरी कोणाले सांगितलं नाही. आन् घरी कोण, तं त्याईची लेक चेतना, गावची आशा ताई. घरोघरी जाऊन लोकाईले सांगते, साखर तपासा, पायाले जपा. घरचा बुढा मात्र मोजे घालून झोपते.

"चेतनाले सांगू नोको. तिनं पाहिलं तं ते मले आजच दवाखान्याच्या गाडीत टाकन."

"टाकू द्या ना मंग."

"होळीपर्यंत दम धर. मंग मी स्वतः जातो. पोट्ट्या, एकदा खुर्चीवर दुसरा बसला का ते खुर्ची भेटत नाही. तू पाहिलं आहे."

मोहितनं खरंच पाहिलं होतं. क्लॅरनेटवाले सुकराम बुवा एक हंगाम बिमार पडले, तं दुसऱ्या साली त्याईले तिकिटाच्या खिडकीजवळ बसवलं होतं. मामानं त्याचा हात धरला, गिटारवर ठेवला, आन् म्हणे बोल. मोहित बोलला. नाही सांगत.

सुट्टी संपली. खुशालभाऊ सगळ्यांले घेऊन आत आला आन् सरळ इचारलं, "सांग बे, डब्बा खराब आहे का बुढा खराब आहे?"

मामा तारा पुसून राहिले होते. हात थांबला.

"डब्बा," मोहित म्हणे. "मायी चूक आहे. आज दुरुस्त करतो."

खुशालभाऊ त्याले जे बोलला ते मी सांगत नाही. आपल्या भागातल्या एकाही कंपनीले तुया अँप घेऊ देत नाही, हे त्यातलं सगळ्यात नरम. मोहित खाली पाहून ऐकत राहिला. मामानं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं कोणी डुबता डुबता वर काढल्यावर पाहते.

दुकानात येऊन त्यानं पयलं काम काय केलं, तं पत्र्याच्या कोपऱ्याले कानस मारायले बसला. बटन पायातून काढून गिटारच्या पट्ट्यावर, हाताजवळ लावायचं, हेही त्यानं ठरवून टाकलं. होऊन जाते, तार लांब पुरते. मामाले पाय लागतच नाही. खुर्चीही राहते, शब्दही राहते. असा इचार करता करता कानस सटकली आन् कोपरा त्याच्या बोटात गेला. इतकासा. हात असा झटकन मागं आला का कानस खाली पडली.

तो बोटाकडं पाहतच राहिला. हात हटवायले त्याले इचार करा लागला नाही. मामाचा पाय सकाळपासून त्याच कोपऱ्यावर होता, आन् हटला नव्हता.

तो उठला. दुकान उघडंच ठेवलं. चेतना अंगणवाडीजवळ एका बाईले काहीतरी समजावून राहिली होती. मोहित जाऊन उभा राहिला आन् एका दमात सगळं बोलून गेला, पाय, काळं पडलेलं, टेस्टर, डबी, कानस, सगळं.  चेतनानं हातातली पिशवी त्या बाईजवळ देल्ली आन् समाजभवनाकडं पळत सुटली.

मामाले गोंदियाले नेलं. दोन बोटं काढा लागली, पाय राहिला. डॉक्टर म्हणे, अजून काही दिवस गेले असते तं गुडघ्यापासून गेला असता. चेतना ज्याले त्याले सांगते, मोहितनं बाबाचा पाय वाचवला.

खुर्चीवर वडश्याचा पोट्टा बसला. चांगला वाजवते, असं लोक म्हणतेत. अँप मोहितच्या दुकानात पडून आहे, बटन हाताजवळ लावलेलं, एकदम बराबर पलटते. कोणी इचारत नाही त्याले.

मोहित घरी गेला होता भेटायले. मामा खाटेवर बसले होते, पायाले पट्टी. धान कापून झालं का, रेल्वे टाइमावर येते का, असं सगळ्यांशी बोलून राहिले होते. मोहित समोर बसला, तं त्याईनं लेकीले हाक मारली.

"चेतना, पाहुण्याले चहा टाक."

पाहुण्याले, म्हणे. ज्यानं त्याईच्या हातून गिटार धरली, त्याले. मोहितनं चहा पेला, कप खाली ठेवला, निघून आला. त्यानंतर तो पहिल्यांदा काल मायाजवळ बोलला, आन् मलेच इचारून राहिला का मी चुकलो काय. 

आता बोल. तू असता त्याच्या जागी, तं काय केलं असतं?