एकाच ताग्यातले झगे

"साहेबांच्या झग्याला थोडी लेस लावली असतीस, रत्नमाला," सुचित्रा मॅडम प्रार्थनेच्या हॉलमध्ये शिरता शिरताच म्हणाल्या.

"सगळे झगे एकाच ताग्यातले आन् सारखेच, मॅडम. पाळकांनी तसंच सांगितलंय," म्हणत रत्नमालानं स्वतः शिवलेले पांढरे झगे टेबलावर मांडले.

आवाज खणखणीत, पण नजर पुन्हा पुन्हा बाप्तिस्म्याच्या टाकीकडे जात होती. आज तिचा नवरा विजयकुमार बाप्तिस्मा घेणार होता, आणि त्याच टाकीत त्याचे मालक, म्हणजे मॅडमचे मिस्टर, धैर्यशील साहेबही. जालन्यात राहून गेलेला बाप्तिस्मा इथं आखातात, रिग्गईत आल्यावरही या माणसानं टाळलाच. साहेबांची गाडी चालवून एकच गोष्ट त्याच्या अंगवळणी पडली होती: दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं. आज पाण्यापाशीही तो बाजूला झाला तर?

"पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये गुलाम आणि मालक एकाच पाण्यात उतरायचे," पाळक सांगत होते. "जुने कपडे काठावर राहायचे. जुना माणूस पाण्यात मरायचा. वर यायचा तो नवा जन्मलेला, म्हणून त्याला तान्ह्या बाळासारखं दूध-मध चाटवायचे. आपणही आज तसंच करू. विजयकुमार, या."

आणि व्हायचं तेच झालं! विजयकुमार मागं सरला. "साहेब, तुमी आधी. म्या नंतर बघतो."

नंतर बघतो! रत्नमालाच्या अंगाची लाही झाली. या 'नंतर'वर तिनं अख्खा संसार काढला होता. भरल्या सभेत ती कधी तोंड उघडत नसे, आज उघडलं.

"अहो, नाव तुमचं पुकारलंय. उतरा!"

साहेब बाजूला झाले. विजयकुमार उतरला, पाण्याखाली गेला, वर आला. दूध-मधाचा चमचा ओठांना लागताच लेकरासारखा रडला. रत्नमालाची मान अशी ताठ झाली की विचारू नका.

मग साहेब उतरले. वर येताना ओल्या पायरीवर त्यांचा पाय घसरला, तसा विजयकुमारनं हात दिला.

"सांभाळून, भाऊ."

साहेबांनी तो हात घट्ट धरला. बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

दुपारी हॉलमागच्या दोरीवर झगे वाळत होते. मॅडम आल्या, झगे चाचपू लागल्या. "यांचा कुठला गं?"

"काय की, मॅडम," रत्नमाला म्हणाली. "शिवले म्याच, पण मलाबी वळखू येईना."

मॅडमनी हाताला आला तो काढून घेतला.