गोठ्यातली डॉज

सोनबाच्या गोठ्यात मोटार राहायची आणि बैल बाहेर पत्र्याखाली. या गोष्टीची थट्टा करून निगडीतले लोक कधीच थकले होते, पण सोनबाची बायको छबूबाई काही थकली नव्हती. पावसाची झड आली की ती दारात उभी राहून आधी भिजणाऱ्या बैलांकडे बघायची, मग गोठ्याकडे आणि मग नवऱ्याकडे. या तिसऱ्या बघण्याला सोनबा फार भ्यायचा.

मोटार अमेरिकेतली, डॉज, कापडी टपाची. लोणावळ्याच्या एका पारशी बाईंनी बंगला विकला तेव्हा ती मागच्या बागेत वेलींखाली गंजत पडली होती. जो ओढून नेईल त्याची, असं बाई म्हणाल्या. सोनबा तिथे बैलगाडीतून गुळाच्या ढेपा पोचवायला गेला होता. त्याने गाडी तिथेच सोडली, हरण्या आणि मानक्या मोटारीला जुंपले आणि मुंबई-पुणे रस्त्याने छाती काढून घरी आला. मग बैलगाडी आणायला त्याच बैलांना घेऊन पुन्हा पायी लोणावळा गाठावं लागलं, ती गोष्ट तो सहसा सांगत नसे.

लहानपणी गुरं राखायच्या नावाखाली तो याच रस्त्याच्या कडेला बसून साहेबांच्या मोटारींची वाट बघायचा. धुरळ्याने तोंड माखलं तरी जागचा हलायचा नाही. आयुष्यात एकदा आपण त्या गोल चाकामागे बसावं आणि मोटार आपल्या हाताने पुढे जावी, एवढंच त्याला हवं होतं. आता केस पिकायला लागले होते आणि हे राहूनच जाणार की काय, याची त्याला खरोखरच धास्ती वाटायची.

मदतीला ज्योतीराम होता. उस्मानाबादकडून पोटासाठी आलेला, सोनबाच्याच एका खोलीत राहणारा, पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात नोकरीला. तिथे त्याचं काम बाटल्या धुण्याचं. पण कारखान्यात जाणाऱ्याला यंत्रातलं सगळं कळतं अशी गावाची पक्की समजूत होती, आणि ज्योतीराम हा कुणाची समजूत मोडणारा माणूस नव्हता. दोघांनी मिळून इंजिन किती वेळा खोललं आणि किती वेळा जोडलं याला सुमार नाही. दर वेळी दोन-चार नट उरायचे.

"अमेरिकेचं सामान हाय दादा," ज्योतीराम धीर द्यायचा. "ते लोक सढळ हातानं टाकतेत."

बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या हिंगुळाने सोनबाने मोटार लालभडक केली होती. चाकांना बैलगाडीचं वंगण घातलं होतं, बैठकीवर नवं घोंगडं अंथरलं होतं. मोटार नटून थटून बसली होती. चालू तेवढी होत नव्हती.

यंदा भाद्रपदात, इकडचा भाद्रपदी पोळा तोंडावर आला असताना, भिजून भिजून मानक्या ढासायला लागला आणि छबूबाईचा धीर सुटला.

"पोळ्याला दिस मावळायच्या आत माझी बैलं गोठ्यात पायजेत," ती म्हणाली. "तवर मोटार भाईर निघाली तर तुमची. न्हाई निघाली तर चाकणच्या दत्तोबाची."

दत्तोबा भंगारवाला. त्याच्या हाती गेलेल्या वस्तूचं पुढे काय होतं हे सगळ्या मुलखाला माहीत होतं.

"आन नुसतं व्हय म्हणू नका. बेलभंडारा उचला."

सोनबाने खंडोबाच्या टाकापुढचा बेलभंडारा असा झटक्यात उचलला की छबूबाईच चमकली. त्याचा हिशेब सरळ होता. मोटारीला मागून दोर लावायचा, पुढे हरण्या-मानक्या, एक हिसका आणि मोटार अंगणात. एवढी चलाख बायको, पण तिला हे सुचलं नाही याचं त्याला थोडं वाईटसुद्धा वाटलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो खांदेमळणीला बसला. हळद आणि लोणी घेऊन हरण्याचा खांदा मळता मळता, उद्या जेवायला या म्हणून त्याच्या कानात आवतण सांगता सांगता, सोनबाचा हात एकदम थांबला.

उद्या पोळा. पोळ्याला बैलाच्या खांद्याला जू नाही, गळ्याला दोर नाही, त्या दिवशी बैलाने काडीसुद्धा ओढायची नाही. रांगता होता तेव्हापासून पाळलेली गोष्ट, आणि मोटारीच्या नादात नेमकी तीच डोक्यातून उतरली होती! त्याने मान वळवली. छबूबाई पायरीवर सणाची पितळी भांडी घासत बसली होती आणि गालातल्या गालात हसत होती.

"तुला ठावं व्हतं?"

"मीबी शेतकऱ्याचीच लेक हाय," ती म्हणाली.

माणसं लावून ढकलावी म्हटलं तर सणाच्या दिवशी जो तो आपल्या बैलांमागे. शिवाय गोठ्याची जमीन आत उतरती. दोघातिघांच्याने ते धूड हललं नसतं. आता मोटारीने स्वतःच्या पायांनी बाहेर यायचं, एवढाच मार्ग उरला.

सकाळी सोनबा बघतो तर ओट्यावर काढून ठेवलेला कार्बोरेटर गायब. तो अंगणात तांब्या-परातींशेजारी उन्हात वाळत होता, देवाच्या भांड्यासारखा लखलखीत.

"अगं, ही मोटारीची वस्तू!"

"मला काय ठावं? पितळ दिसलं, घासलं. त्याच्या भोकांत ह्ये एवढं किटण! दाभणानं उकरलं म्हून निघालं. निम्मी चिंच त्यालाच लागली."

भांडायला वेळ नव्हता. सोनबाने तो जागेवर बसवला.

दुपार कलली तसा दत्तोबा सायकलवरून आला. आज जुंपायचं नाही म्हणून मोटार न्यायला उद्या येतो, आज नुसती बघतो, असं म्हणत त्याने खड्याने मोटारीचा पत्रा वाजवून पाहिला. प्रत्येक टोला सोनबाच्या काळजावर बसत होता. वेशीकडे पोळ्याची हलगी कडाडत होती आणि ऊन भिंतीवरून सरकत चाललं होतं.

सोनबा चाकामागे बसला. मोटारीचं तोंड मागच्या भिंतीकडे होतं, त्या चिंचोळ्या जागेत उभं राहून ज्योतीरामने हँडल मारलं. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. दत्तोबाने बिडी पेटवली. ज्योतीराम घामाने निथळला. "आता शेवटचं बघा दादा," म्हणत त्याने सगळा जीव लावून हँडल फिरवलं आणि इंजिन असं गरजलं की आढ्यावरच्या चिमण्या उडाल्या. ज्योतीरामने हँडल टाकून बाजूच्या गव्हाणीत उडी घेतली. चिंच आणि दाभणाने जे केलं, ते दोघा कारागिरांना तीन पावसाळ्यांत जमलं नव्हतं.

सोनबाचे डोळे भरून आले. आता फक्त मोटार मागे घ्यायची. पण मागे घ्यायचा गिअर कोणता, हे दोघांनी कधी बघितलंच नव्हतं. ती खरंच सुरू होईल असं मनातून दोघांनाही वाटलं नव्हतं. सोनबाने खंडोबाचं नाव घेऊन गिअरचा दांडा ओढला आणि क्लचवरचा पाय सोडला.

डॉज पुढे गेली. कुडाची भिंत कडकड मोडली, मोटार परसात घुसली, वालाचा अख्खा मांडव टपावर घेऊन तशीच पुढे गेली आणि उकिरड्यात नाक खुपसून एकदाची थांबली. चाकामागे सोनबा होता. कपाळाला टेंगूळ, मिशीत शेण, गळ्यात वालाच्या शेंगा, आणि चेहऱ्यावर असा आनंद की लग्नातसुद्धा छबूबाईने तो पाहिला नव्हता.

मग त्याने मागे वळून भिंतीचं भगदाड पाहिलं आणि आनंद मावळला.

"ह्ये काय भाईर येणं न्हाई," दत्तोबा धावत आला. "भाईर म्हंजे दारातनं. मोटार माझी."

सगळे छबूबाईकडे बघायला लागले. तिने मोडलेली भिंत पाहिली, भुईसपाट वाल पाहिला.

"दारातनं असं मी म्हणले न्हवते," ती म्हणाली. "भाईर म्हणले व्हते. दिस अजून वर हाय आन मोटार भाईर हाय. देवाचा भंडारा उचललाय, त्यात लबाडी न्हाई चालायची. तू पुरणपोळी खा आन चाकणला जा."

तिने हरण्या-मानक्याला ओवाळलं आणि स्वतःच्या हाताने गोठ्यात आणलं. बैल भगदाडातून बाहेरचं आभाळ बघत उभे राहिले. सोनबा शेण पुसत, मान खाली घालून समोर आला.

"उद्याच भिंत घालतो बघ."

"घाला. आन गोठ्याच्या मधनं आडवी एक घाला. अलीकडं बैलं ऱ्हातील, पलीकडं ती."

छबूबाई उकिरड्यापर्यंत गेली, घोंगड्यावरचा पाला झटकला, बैठक हाताने दाबून पाहिली.

"पलीकडल्या भिंतीला दार चांगलं रुंद काढा," ती म्हणाली. "पुढल्या खेपंला मी बसणार हाय, आन मला वालाच्या मांडवातनं जायचं न्हाई."