शेजाऱ्याची सही

पेनाचं टोपण चावलेलं होतं. निवांत उभं राहून चावल्यासारखं – दातांच्या खुणा एकाखाली एक, टोकाला प्लॅस्टिक पांढरं पडलेलं... शेषराव ते बोटात फिरवत ओट्यावर उन्हाला बसले होते आणि त्यांना मनातल्या मनात हसू येत होतं, कारण ज्या पोराचे हे दात, तो सोमवारी याच ओट्याशी उभा राहून कागदावर लिहीत होता आणि जाताना पेन इथंच विसरून गेला होता. मुलीच्या चौकशीला आलेला माणूस वस्तू विसरून गेला की त्याला परत यावंच लागतं. शकुनबिकुन शेषरावांनी आयुष्यात कधी मानले नव्हते; हा एक मात्र त्यांनी सोमवारी स्वतःच तयार केला होता.

आज गुरुवार. तीन दिवस ही गोष्ट त्यांनी पोटात ठेवली होती. पंचफुलेलासुद्धा सांगितली नव्हती, आणि जिच्याशी बेचाळीस वर्षं संसार केला त्या बायकोपासून काही लपवणं किती जड जातं, ते ज्याचं त्यालाच माहीत. पण जमलं की मगच सांगायचं. आधी गवगवा झाला की गोष्टी नासतात.

गोष्ट शेजारच्या पौर्णिमेची होती. तिचा बाप सूर्यभान चांदूर बाजारची शेती भावाच्या हवाली करून पोरीच्या शिक्षणासाठी अमरावतीला, बडनेरा रोडच्या या कॉलनीत आला तेव्हा ती अकरावीत होती, आणि तेव्हापासून दोन घरांमधल्या भिंतीला तिनं कधी भिंत मानलंच नाही. शेषरावांना एकच मुलगा, नागसेन. तो नागपूरला बँकेत. मुलगी नव्हती. नव्हती म्हणजे... दहा वर्षांपूर्वीपर्यंत नव्हती. कॉलेजात एका दिवसात वर्गातली चाळीस पोरं कंपन्यांनी उचलली त्या वर्षी पौर्णिमाही उचलली गेली, आणि पेढ्यांचा पहिला बॉक्स याच ओट्यावर फुटला. दोन वर्षांनी पुण्याच्या त्या कंपनीनं अख्खी टीम घरी पाठवली. पोरगी दोन बॅगा आणि एक मॉनिटर घेऊन परत आली, आणि आठ महिने तिच्या खोलीच्या खिडकीतून आवाजच येईना. मग बंगलोरच्या एका लहान कंपनीचं काम मिळालं – घरूनच, वरच्या खोलीतून. तेव्हापासून सकाळी नऊला खिडकीतून तिचं इंग्रजी सुरू व्हायचं आणि शेषराव चहा पीत ते ऐकायचे, न समजता, रेडिओवरचं गाणं ऐकावं तसं.

आणि सोमवारी हा पोरगा आला. सूर्यभानच्या घराला कुलूप होतं. मंडळी अकोल्याला बारशाला गेली होती. मोटरसायकलचा नंबर शेषरावांनी पहिल्यांदा पाहिला, एमएच तीस. अकोला! पोरगा म्हणाला, "काका, पौर्णिमा मॅडमच्या चौकशीसाठी आलो होतो, शेजारी म्हणून तुमच्याकडून–" आणि शेषरावांनी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. बस म्हटलं, पाणी दिलं. त्यानं शेजारच्या दाराचा फोटो काढला, तेव्हा त्यांना वाटलं, नवऱ्या मुलाला घर दाखवायला. सही मागितली, तेव्हा वाटलं, हल्ली लिहूनही घेतात, चांगलंच आहे, जमाना बदलला.

"सध्या काय करते ती?" पोरानं विचारलं होतं.

आता मागच्या वर्षी परतवाड्याचं एक चांगलं स्थळ का मोडलं होतं, हे शेषरावांना पाठ होतं. मुलाची आई म्हणाली होती, पोरगी दिवसभर लॅपटॉपसमोर असते, घर कोण पाहणार? त्या दिवशी पौर्णिमेची आई, मैनाबाई, पंचफुलेजवळ बसून रडली होती. तेव्हा शेषरावांनी छाती पुढं काढून, मोठ्या तयारीनं सांगितलं –

"काय करते म्हणजे? घरीच असते. नोकरीबिकरीचं काही खूळ नाही तिच्या डोक्यात. दोन वर्षांत उंबरा नाही ओलांडला पोरीनं. सैपाक म्हणाल तर वांग्याची भाजी अशी करते..."

पोरगा भरभर लिहीत होता. वांग्याच्या भाजीचं काही त्यानं लिहिलं नाही, हे तेव्हा त्यांना जरा खटकलं होतं.

"भाऊ, हाय काय घरी?"

मैनाबाई. हातात वाटी, वर ताटली झाकलेली. दर गुरुवारी ती काहीतरी आणायचीच, पण आज तिनं वाटी ओट्यावर ठेवली आणि तशीच उभी राहिली.

"आमी अकोल्याले गेलो होतो, तवा कोनी आलं होतं काय आमच्याकडे?"

"काहून?" शेषरावांनी पेन नकळत मुठीत घेतलं.

"पौर्णिमाले पुन्याची एक मोठी कंपनी घेऊन राहिली होती नं... सांगतलं नव्हतं कोनाले, पक्कं झाल्यावर सांगू म्हनलं. एक तारखेले हजर व्हायचं होतं. अन् आज मेल आला. व्हेरिफिकेशन का काय असते, त्यात फरक निघाला म्हनते. सद्याच्या नोकरीचा. तिनं लिहिलं नोकरी आहे, अन् कंपनीवाल्यायले कोनी तरी सांगतलं, नोकरी नाई म्हनून. उद्या संध्याकायपर्यंत खुलासा मागतला, नाई तं पत्र रद्द. सकायपासून जेवली नाई पोरगी."

"नाही बा," शेषराव म्हणाले. "मी तं कोनी पाहिलं नाही."

म्हणून गेले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! मैनाबाई गेली, वाटी राहिली, आणि मग त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, मूठ उघडली आणि पेनाच्या अंगावरची ती बारीक निळी इंग्रजी अक्षरं पहिल्यांदा वाचली. आतापर्यंत त्यांना ते पेनाच्या दुकानाचं नाव वाटत होतं. कसलंतरी सर्व्हिसेस. त्याखाली, अजून बारीक – बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. त्याखाली फोन नंबर.

ऊन अंगावरून कधी सरकलं ते त्यांना कळलं नाही. म्हणजे मी... मी तिचं लग्न जमवायला गेलो आणि तिची नोकरी घालवून बसलो. कोणी मागितली होती ही हुशारी? आणि वर आता मैनाबाईला तोंडावर खोटं! सोमवारचं खोटं निदान मायेचं होतं. आजचं तर निव्वळ भ्यायलेलं होतं.

"जेवत काहून नाई तुमी?" पंचफुलेनं विचारलं. त्यांनी सांगितलं, पोट बरं नाही. ती बघत राहिली. "पोटाले काही झालं नाई तुमच्या," एवढंच म्हणाली, आणि ताट झाकून ठेवलं.

दुपारी ते ऑटोनं बडनेऱ्याला गेले. दुसरीकडे कुठं जाणार? मनाला काही बोचलं की त्यांचे पाय स्टेशनकडेच वळत. छत्तीस वर्षं तिथं सांधेवाला म्हणून, गाड्यांचे रूळ बदलत काढली होती. नव्यानं लागले तेव्हा चंद्रभान नावाच्या म्हाताऱ्या मास्तरनं पहिला धडा दिला होता – निरोप पूर्ण ऐकायचा, शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा, समोरचा बरोबर म्हणाला की मगच सांध्याला हात लावायचा. छत्तीस वर्षांत एकदाही चूक नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबानं ते बोलून दाखवलं होतं, आणि पौर्णिमेनं टाळ्या वाजवल्या होत्या. आणि त्या पोराचं एक वाक्य, एक साधं वाक्य, मी पूर्ण ऐकलं नाही.

बाकावर बसून त्यांनी पेनावरचा नंबर लावला. एक बाई इंग्रजीत बोलली, मग हिंदीत – यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. त्यांनी एक दाबलं. दोन दाबलं. "बाई, मी अमरावतीहून बोलून राहिलो, ते सोमवारचं चुकलं..." पण ती बाई ऐकणारी नव्हतीच, नुसती बोलणारी होती. मग बाजा वाजायला लागला. फलाटावर एक गाडी आली, थांबली, गेली. ते फोन कानाशी धरून बसून राहिले.

पौर्णिमा एकदा म्हणाली होती – काका, आता आमचं अर्धं काम मशीनच लिहिते, म्हणून नवीन पोरं कोणी घेत नाही, अन् जुनी घेतात ती सात-सात वेळा तपासून. तेव्हा ते हसून म्हणाले होते, आम्हाला रेल्वेनं एकदाच तपासलं, डोळे अन् छाती. सात वेळा! सातही वेळा पोरगी पार झाली, आणि आठवा तपासनीस निघालो मी.

संध्याकाळी फाटक उघडताना वरून हाक आली.

"काका! नोव्हेंबर संपत आला. तुमचा हयातीचा दाखला राहिला. वर या, उजेड आहे तोवर."

डोळे सुजलेले होते तिचे. तरी हाक नेहमीचीच. मागची चार वर्षं ती हे करत होती – तिच्या मोबाइलसमोर शेषरावांनी चेहरा धरायचा, मोबाइलनं ओळखायचं, आणि दिल्लीत कुठंतरी नोंद व्हायची की हा माणूस जिवंत आहे, याची पेन्शन चालू ठेवा. पुण्यात होती तेव्हा एकदा फक्त यासाठी दिवाळीची सुटी दोन दिवस वाढवून घेतली होती.

गच्चीवर तिनं त्यांना भिंतीशी उभं केलं, कॉलर सरळ केली.

"हलू नका. आता डोळे मिचकवा."

ते मिचकवेनात. मिचकवले असते तर जे आत साठलं होतं ते बाहेर आलं असतं, आणि मोबाइलला ते कसं चाललं असतं?

"काका, मिचकवा नं."

"पौर्णिमा," ते डोळे सताड उघडे ठेवून म्हणाले, "तो मानूस सोमवारी आला होता. मीच सांगतलं त्याले."

मग सगळं सांगितलं. शब्दन् शब्द, निरोप परत म्हणून दाखवावा तसं – घरीच असते, खूळ नाही, उंबरा, वांग्याची भाजी. मोबाइल हळूहळू खाली आला. खाली कोणाच्या तरी अंगणात बादली वाजली.

"अकोल्याचं स्थळ?" ती शेवटी म्हणाली. "कशावरून?"

"एमएच तीस."

ती हसली. म्हणजे हसायला लागली, आणि हसता हसताच ओढणीनं डोळे पुसायला लागली, आणि शेषरावांना कळेना यातलं खरं कुठलं. मग तिनं मोबाइल पुन्हा वर धरला.

"आधी मिचकवा. तुमचं थांबलं नाई पायजे."

त्यांनी मिचकवले. जे यायचं होतं ते गालावर आलं. मोबाइल कुठं काही म्हणाला नाही. हिरवी खूण दाखवली. शेषराव जिवंत होते.

तिनं आतून कोरा कागद आणला. "शेजाऱ्यानं स्वतः लिहून सही केली तं कदाचित चालेल. नक्की नाई, काका. उद्या पाठवून पाहू." त्यांनी खिशातून तेच पेन काढलं. मी, शेषराव, निवृत्त रेल्वे कर्मचारी, लिहून देतो की... आणि आश्चर्य म्हणजे हात अडला नाही. पौर्णिमा रोज सकाळी नऊ वाजता कामाला बसते. दुपारी एकला तिची आई जेवायला हाक मारते, ती दीड वाजता येते. मंगळवारी मीटिंग लांबते. जून महिन्यात काम अडलं तेव्हा ती तीन दिवस आमच्याशी बोलली नव्हती. काम सुटलं त्या दिवशी तिनं गच्चीवरून ओरडून सांगितलं. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तिची चौकशी वेगळ्या कारणाची समजून मी खोटं बोललो, त्यात तिचा दोष नाही.

लिहिता लिहिता त्यांना एक गोष्ट दिसली, जी सोमवारपासून तिथंच होती. एमएच तीस. नंबर वाचून मन एवढं का फुललं होतं? अकोला म्हणजे गाडीनं दीड-दोन तास. माहेरपणाला येणार, सणाला येणार, हयातीचा दाखला चालू राहणार... स्थळ पोरीसाठी पाहत होतो की माझ्यासाठी? पुण्याची गाडी बडनेऱ्याहून किती वाजता सुटते हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. आज ती वेळ आठवू नये असं वाटलं, आणि ती लगेच आठवली.

त्यांनी कागद मोठ्यानं वाचून दाखवला, पहिल्या शब्दापासून. पौर्णिमा भिंतीला टेकून ऐकत होती.

"बरोबर," ती म्हणाली. "आता सही."

"करतो. थांब थोडी. शाई वाळू दे."

बॉलपेनची शाई वाळायला वेळ लागत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. पौर्णिमा त्यांच्या शेजारी येऊन बसली.