पंगत उठायचा इशारा

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणीसुद्धा तोंडाला लावायचं नाही, ही रीत कोणी काढली देव जाणे. पण गेली दोन वर्षं सत्यभामा त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात हात जोडत होती. तिचा नवरा त्या रीतीच्या आडोशाला लपला होता. लेकीच्या, नलूच्या सासरी, दुर्गला, गेलं की भाऊराव ओसरीवर बसायचे, पुढे केलेल्या चहाला नुसती मान हलवायचे आणि सत्यभामा हसून व्याह्यांना म्हणायची, "आमच्यात चालत नाही ना, इवाई! नातू होऊ द्या, मंग पोटभर जेवतीन."

आणि झाला की नातू! चांगला गुटगुटीत, बापाच्या नाकाचा, आजीच्या रागाचा. बाळंतपण भिलाईला सत्यभामेच्या क्वार्टरमध्ये झालं, लेक बाळ घेऊन सासरी गेली आणि दुर्गला बारसं ठरलं. रीत संपली. आडोसाही गेला.

भाऊराव म्हणजे एके काळी नुसता आवाज होता. भंडाऱ्याकडची शेती भावाच्या हवाली करून ते भिलाईला आले तेव्हा कारखाना म्हणजे खड्डे, लाल धूळ आणि उभे राहायच्या तयारीतले खांब. अंगात ताकद आणि गळ्यात दम, म्हणून ते दोरांनी जड सामान ओढणाऱ्या खलाशांच्या टोळीचे जमादार झाले. त्यांनी "हैशा!" म्हटलं की दोरावरचे सगळे हात एकदम ओढायचे. रुआबांध्याच्या तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायका म्हणे सत्यभामेला सांगायच्या, "बाई, तुहा नवरा कामाले लागला, आयकू आलं." यातलं थोडं बायकांनी वाढवलं असेल. पण सगळंच नाही.

मात्र क्रेन चालू झाली की तो आवाजही कामाचा नसे. तिथे हातच बोलायचे. रशियन इंजिनियर, मल्याळी वेल्डर, तेलुगू फिटर, छत्तीसगढी मजूर, कोणाची भाषा कोणाला कळेल तर शपथ! बोट वर करून फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. मूठ बंद केली की थांब. आणि दोन्ही हात डोक्यावर उंच केले की धोका, एकदम थांब, जिथे आहे तिथे. भाऊराव घरी येऊन कौतुकाने हे करून दाखवायचे आणि सत्यभामा चुलीवरचं पातेलं त्यांच्या बोटावर उचलायची नि ठेवायची. "झाला तुमचा कारखाना उभा," म्हणायची. हसता हसता तिला ती सगळी भाषा पाठ झाली.

मग उजवा हात कापायला लागला. लोक म्हणाले, पितो. ज्याने उभ्या जन्मात पानाशिवाय दुसरं व्यसन केलं नाही, त्याला लोक पितो म्हणाले! पुढे चाल मंद झाली, चेहरा हसायचा विसरला आणि तो आवाज दिवसेंदिवस आत आत जायला लागला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात. मेंदूचा रोग. तोच हात हलवतो, तोच आवाज बारीक करतो आणि गिळणंही तोच बिघडवतो. बरा होत नाही, सांभाळावा लागतो. भाऊराव टूल रूममध्ये पान्हे मोजायला बसले आणि घरी घोटभर पाण्याने त्यांचा जीव जायची वेळ येऊ लागली.

सत्यभामेचा पहिला उपाय म्हणजे रडणं. तो लागू पडला नाही. मग ती बघायला लागली. पाण्याने ठसका लागतो, पण घट्ट आंबील गुमान उतरते. मोकळा भात फसवतो, पण दाट वरणात कालवलेला गुरगुट्या भात ऐकतो. मान वर असली की घास भलत्या वाटेला जातो, हनुवटी छातीकडे घेतली की नीट जातो. आणि जेवताना बोललं की हमखास ठसका. तिने नुसतं "मीठ बरोबर हाये ना?" विचारलं आणि त्यांनी "हो" म्हटलं, तेवढ्या एका "हो"ने त्यांचे डोळे पांढरे झाले होते.

त्या दिवसापासून दोघं मुक्याने जेवू लागली. ती समोर बसायची आणि त्यांचीच भाषा त्यांना परत करायची. बोट खाली, उतरव. मूठ, थांब, तोंडात काही राहिलं का बघ. पुन्हा बोट खाली, रिकामाच एक घोट गिळ. मग बोट वर, पुढचा घास उचल. वेळ फार लागायचा. पण जेवण व्हायचं. "मोठे जमादार होते," ती जेवण झाल्यावर चिडवायची, "आता जमादार मी." भाऊरावांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात तेवढं हसू यायचं. तिला ते पुरायचं.

बारशाचं नाव काढताच मात्र भाऊराव अडून बसले.

"तू जाय," ते म्हणाले. ऐकायला तिला जवळ सरकावं लागलं. "मले ताप हाये म्हन."

"इवायाले ताप सांगीन. लेकीले काय सांगू? जाता जाता काय म्हनून गेली ती? 'बाबा, या खेपेला ओसरीवर बसले त मी पाटावर बसनार नाही.'"

"पंगतीत मी मांगं राहीन. लोकायचे हात वाळतीन."

हे खरं दुखणं होतं. शेवटच्याचं होईपर्यंत पंगतीतून कोणी उठायचं नसतं. भाऊराव स्वतः धडधाकट होते तेव्हा रेंगाळणाऱ्यांना ओरडून घास गिळायला लावायचे. आता सगळ्यांचे डोळे आपल्या ताटावर, हे त्यांना सोसवणार नव्हतं.

"मंग आधीच सांगून टाकू इवायाले," सत्यभामा म्हणाली.

"नोको. पोराले रोग्याचा नातू म्हनतीन. शपथ हाये तुले."

पण न जाऊन भागणार नव्हतं. व्याही शामराव रेल्वेत गार्ड, दिलदार माणूस, पण मनाला लावून घेणारा. सगळ्या दुर्गात तो बोलून चुकला होता की भिलाईवाल्यांना आमचं घर हलकं वाटतं, रीत हा बहाणा आहे. आज भाऊराव जेवले नाहीत तर नलूला जन्मभर ऐकावं लागलं असतं की तुझ्या बापाला आमचं अन्न चालत नाही. शेवटी सत्यभामेने न सांगायची शपथ घेतली आणि भाऊरावांनी धुतलेलं धोतर मागितलं.

नलूने बेत चोख केला होता. बापाला पंगतीच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराजवळ बसवलं. त्याच्या पानात तिने स्वतः कालवलेला मऊ भात वाढला. दाराच्या चौकटीला टेकून सत्यभामा उभी राहिली, वाढायला मदत करते आहे असं दाखवत. पंगत बसली. बोट खाली. मूठ. बोट खाली. बोट वर. भाऊराव मान घालून जेवत होते आणि मध्येच डोळे उचलून तिचा हात बघत होते. चार घास गेले, आणखी गेले. ठसका नाही. सत्यभामेच्या जिवात जीव आला. आता निभावलं असं वाटायला लागलं की समजावं, काहीतरी येतंय.

आले शामराव. हातात बुंदीचा लाडू, मुठीएवढा.

"दोन वर्सं वाट पाह्यली, इवाई!" त्यांचा आवाज अंगणापर्यंत गेला. "आज माह्या हातचा घास खा लागन. नाही म्हनसान त तुमाले नातवाची आन हाये!"

व्याह्याने व्याह्याला घास भरवायचा, ही तर आनंदाची रीत. पंगत ओरडली, "भरवा, भरवा!" भाऊरावांच्या तोंडात अजून आधीचा घास होता. त्यांनी कापरा हात आडवा केला. पाहुणा लाजतो आहे असं समजून शामराव आणखीच खुलले. डाव्या हाताने त्यांनी भाऊरावांची हनुवटी धरली आणि चांगली वर उचलली. उजव्या हातातला लाडू ओठांशी आला.

सत्यभामेला ओरडायचं होतं. पण शपथ आडवी आली. तोंड बांधलेलं होतं तरी हात मोकळे होते. ते तिने न विचारता डोक्यावर उंच केले, दोन्ही, होते तेवढे. भरल्या पंगतीत, परक्या पुरुषांसमोर, व्याह्यांच्या घरी तिचा डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला.

शामरावांची नजर उठली आणि हात जागच्या जागी थांबला. अर्धा जन्म त्यांनी गार्डाच्या डब्यातून रूळ बघण्यात घालवला होता. समोर माणसाने दोन्ही हात वर केले की धोका, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. हनुवटीही सुटली. लाडवाच्या कळ्या पानात पडल्या.

"काय झालं?" ते म्हणाले. "इहीनबाई, काय झालं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने नवऱ्याकडे बघितलं. सांगायचं तर शपथ, न सांगायचं तर हा एवढा अपमान. शामरावांचा चेहरा उतरायला लागला होता.

भाऊरावांनी मान खाली घातली. तोंडातला घास उतरवला. रिकामा एक घोट गिळला. मग ते बोलले आणि कोणालाच ऐकू आलं नाही.

"चूप बसा रे सारे!" शामराव गरजले आणि गुडघे टेकून त्यांनी भाऊरावांच्या तोंडाशी कान नेला.

"मले गिळाले तरास हाये, इवाई. कंपवात हाये. तुमचं अन्न मले चालते. लय चालते." भाऊराव थांबले, दम घेतला. "फक्त हळू चालते."

 शामरावांनी लाडू ताटात ठेवला आणि भाऊरावांचा कापरा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "अन् मी काय काय बोलून राहिलो होतो लोकायजवळ," ते म्हणाले. "कावून नाही सांगितलं, बुवा? मी काय परका हाओ?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायची त्यांना अक्कल नव्हती. म्हणून सत्यभामेला तो माणूस त्या दिवसापासून फार आवडला.

लाडू दुधात कुस्करला गेला. "दूध थोडंच," सत्यभामेने आतून सांगितलं, "घट्ट पाह्यजे." एव्हाना पंगतीचं जेवण केव्हाच आटपलं होतं. हात वाळत होते. पंगतीत मध्ये बसलेल्या भैयालाल नावाच्या पाहुण्याने उठायला पाय सावरले, तसे शामराव उसळले.

"बस खाली! गार्डाच्या झेंडीबिगर गाडी सुटते काय? आज या पंगतीचे गार्ड माहे इवाई हाये. मी नाही."

भैयालाल बसला. सगळेच बसले. शामराव वाटी घेऊन भाऊरावांसमोर मांडी घालून बसले, पण बघत होते दाराकडे, सत्यभामेच्या हाताकडे. बोट खाली, आणि त्यांनी चमचा दिला. मूठ, आणि ते थांबले.  सगळी पंगत एका म्हाताऱ्याच्या गळ्यातली घाटी वरखाली होताना बघत होती. हेच भाऊरावांना सोसवणार नव्हतं म्हणे. पण बघणाऱ्यांत कोणाच्या तोंडावर कंटाळा नव्हता, आणि नलू सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून बघत होती.

वाटी संपली. भाऊरावांनी तोंड पुसलं, दाराकडे बघितलं. सत्यभामेने हात खाली सोडले. आता तिचं काम नव्हतं.

मग त्यांनी उजवा हात वर केला. तो कापत होता, कापणारच. एक बोट आभाळाकडे करून त्यांनी ते गोल फिरवलं. दुर्गच्या रेल्वेवाल्यांना ते काही कळलं नाही. ते सत्यभामेकडे बघायला लागले.

"उचल," ती म्हणाली. आणि मग हसून, "उठा म्हनतात."

सगळी पंगत एकदम उठली. आवाज नव्हता, दोर नव्हता, पण कित्येक वर्षांनी एवढी माणसं भाऊरावांच्या इशाऱ्यावर एका दमात उभी राहिली होती. सत्यभामेला हुंदका आला आणि तिने तो येऊ दिला. पदर अजून खांद्यावरच आहे हे तिला तेव्हा कळलं. तिने तो डोक्यावर घेतला आणि नवऱ्याला हात धुवायला पाणी दिलं.