राहतं घर

गल्ली पाडून तिथं उंच इमारत होणार होती. जो खोलीत राहत असेल त्याला इमारतीत खोली, बंद किंवा रिकाम्या खोलीला काही नाही, असा नियम होता. मोजणीवाला आज येणार म्हणून सून पिशव्यांच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली आणि दारातच थबकली.

खोलीत काही नव्हतं. अंथरुणं नाहीत, भांडी नाहीत, कपड्यांची दोरी नाही, शेगडीसुद्धा नाही. फरशी ओली होती. भिंतीतले खिळे उपटून भोकं चुन्यानं बुजवली होती. मधोमध एक सतरंजी आणि पाण्याचा तांब्या.

"सगळं शेजारणीकडे ठेवलं," सासू म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. "गावाला साधा साहेब यायचा तर आम्ही गोठासुद्धा झाडून काढायचो. हा तर घर देणारा माणूस."

"अहो आई..."

तेवढ्यात मोजणीवाला आलाच. त्यानं उंबऱ्यावरूनच आत पाहिलं. "इथं कोण राहतं?"

"आम्ही तिघं. मी, नवरा, सासूबाई."

"सामान?"

"शेजारी आहे."

"सकाळपासून हेच ऐकतोय, ताई. मालक लोक रिकाम्या खोलीत भाड्याची म्हातारी आणून बसवतात."

"मी भाड्याची?" सासू उसळली. "मग माझं भाडं कुणी खाल्लं ते तरी सांग!"

तो हसला नाही. "गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. तेव्हा राहतं घर दिसलं तर नंबर टाकेन."

सून शेजारणीकडे धावली. "सकाळी आणता काय, दुपारी नेता काय," शेजारीण म्हणाली, "माझ्या घराची धर्मशाळा केलीत." तरी ती पातेली उचलू लागली.

खिळा ओल्या चुन्यात टिकेना. सुनेनं दोरी दाराच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत ताणली. वाळलेले कपडे बादलीत बुडवून पुन्हा टांगले. गोधड्या ओल्या फरशीवरच पसरल्या. शेगडी पेटवून भात टाकला.

"आतले कपडे तरी मागं घाल," सासू पुटपुटली.

"तेच पुढं हवेत, आई."

सासू तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळून बसली. मोजणीवाला परतला, कपड्यांखालून वाकून आत आला, पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलं आणि चौकटीवर लाल रंगानं नंबर घातला. "आता कसं!" म्हणाला आणि निघून गेला. सून तिथंच खाली बसली. उद्याच्या पाळीला उभं राहायचं होतं.

संध्याकाळी नवरा बांधकामावरून आला. पसारा बघून म्हणाला, "काय गं, चोर आले होते का?"

"चोरानं निदान झाकून नेलं असतं," सासू पदराआडून म्हणाली.

सुनेनं त्याला नंबर दाखवला. त्यानं बोटानं रंग वाळलाय का ते पाहिलं, मान हलवली आणि चपला न काढताच भिंतीला टेकला. सगळ्या गोधड्या खालून भिजल्या होत्या. सुनेनं त्यातली एक उचलली.

"त्या नव्या खोलीत दार लावून घेता येईल ना गं?" सासूनं विचारलं.

"येईल की. तोवर हे टोक धरा, पिळून काढू."

सासू उठली. पिळताना तिनं दाराकडे पाठ केली.