गुलाबी फितींच्या खुंट्या

मंगळवारी सकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये कॉफीचं मोठं भांडं चढलं, की खोऱ्यातले जमीनवाले एकेक करून जमायचे. टेकड्यांच्या पोटात, खोल खाली शेल नावाच्या खडकाचा काळा थर होता आणि त्या थरात वायू. ओहायो राज्याच्या खनिज खात्याने आदल्या आठवड्यात कुठे कुठे वायूच्या विहिरी खणायची परवानगी दिली, त्याची यादी योहो फोनवरून मोठ्याने वाचायचा. बाकीचे डोनट खायचे थांबून ऐकायचे.

योहोचं पशुखाद्याचं दुकान होतं. त्याला आणि निम्म्या हॉलला लोरेटाने शाळेत विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळे तिला बाईच म्हणत, आणि तिचं पालुपदही सगळ्यांना पाठ होतं. प्रत्येक परवानगीला नकाशा जोडलेला असतो. तो उघडून पाहिल्याशिवाय कुणी नाचायचं नाही आणि कुणी रडायचं नाही.

"कार्डिनल," योहोने वाचलं. कंपनी आपल्या विहिरींना पाखरांची नावं द्यायची. "तीन विहिरी. आपलंच गाव. चौकोन एकवीस."

"हार्लनचा चौकोन!" मागून कुणीतरी ओरडलं.

चौकोन मैलभर लांब आणि मैलभर रुंद. त्यात लोरेटाचा थोरला भाऊ हार्लन होता, ती स्वतः होती, आणखी दहा-बारा जण होते. लोरेटा तेच सांगणार होती, तेवढ्यात बर्नाडीनने कप खाली ठेवला.

"मग त्या खुंट्या त्यासाठीच," ती म्हणाली. बर्नाडीनचं घर हार्लनच्या समोरच्या टेकडीवर होतं. "काल पाहिल्या मी दुर्बिणीतून. त्याच्या सफरचंदाच्या बागेत. गुलाबी फिती लावलेल्या."

"तू तर पाखरं बघतेस ना दुर्बिणीतून?" योहोने विचारलं.

"पाखरंच बघत होते. ती खुंट्यांवर बसली होती, त्याला मी काय करू?"

हॉल हसला. लोरेटा हसली नाही. या भागात गुलाबी फीत म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. मोजणीवाले येऊन गेले. आता बुलडोझर येणार. खणायचं यंत्र उभं करायला सपाट जमीन लागते, आणि त्या अख्ख्या उतारावर सपाट जागा एकच होती. तिथे त्यांच्या आईने सफरचंदं लावली होती. वाटणीत बाग हार्लनला गेली आणि शेजारचं गवताचं कुरण लोरेटाला. खालच्या वायूसाठी खोऱ्यातल्या सगळ्यांसारखी दोघांनीही केव्हाच सही दिली होती; ज्याच्या जमिनीखालून वायू निघेल, त्याला पैशांत वाटा. पण वरची जमीन द्यायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. गेल्याच महिन्यात हार्लन म्हणाला होता, "निम्मी झाडं पोकळ झालीत गं. किती दिवस धरून बसायचं?" तेव्हा तिला वाटलं होतं, तो छाटणीबद्दल बोलतोय.

तिने कोट उचलला.

"बाई, नकाशा?" योहोने विचारलं.

"नंतर," बाई म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता.

बागेपर्यंतचा रस्ता तिने पिकअपच्या दुसऱ्या गिअरमध्येच काढला. वाटेत तिने चार वाक्यं तयार केली, एकाहून एक कठोर. अंगणात तांब्याची मोठी कढई पालथी घातलेली होती, मीठ आणि व्हिनेगरने घासून लखलखीत केलेली. शनिवारी तिच्यात सफरचंदं आटवायची होती. दर ऑक्टोबरला दोघं मिळून आटवत. कढई बघून तयार वाक्यांतली दोन ती विसरली.

बागेत खरोखरच खुंट्या होत्या. गुलाबी फिती वाऱ्यावर फडफडत होत्या, आणि हार्लन गुडघ्यावर बसून खड्डा खणत होता.

"कितीला दिलीस?" लोरेटाने विचारलं.

"काय?"

"आईची बाग. कंपनीला."

हार्लनने कुदळ बाजूला ठेवली. "लोरी, तुला बरं वाटतंय ना?"

"मग या फिती कुणाच्या?"

"मोजणीवाल्या पोराच्या. हद्द मोजायला आला होता. मी त्याला सफरचंदाचं सायडर पाजलं, जाताना तो अर्धं भेंडोळं सोडून गेला. फुकटची फीत कोण टाकून देतं? रोपांच्या जागा खुणावायला लावली." त्याने मागे बोट दाखवलं. गोठ्याच्या भिंतीला टेकून कोवळी रोपं ओळीने उभी होती, मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं. "आईच्या ग्राइम्स जातीच्या सफरचंदाची कलमं आहेत. दोन वर्षं गोठ्यामागे लपवून वाढवली. झाडं पोकळ झालीत म्हणालो नव्हतो का? शनिवारी तुला दाखवणार होतो, पण तुला कुठे धीर."

लोरेटा रोपाजवळ गेली. कलम बांधलं होतं तिथला फुगवटा तिने अंगठ्याने चाचपला. तो घट्ट भरला होता. हे आईच्या झाडाचं पोर नव्हतं, तेच झाड होतं, नव्या मुळांवर उभं. वर्गात तिने हे किती वेळा शिकवलं होतं. आज ते तिच्या अंगठ्याखाली होतं.

"आणि कंपनी?" तिने शेवटी विचारलं.

"तीनदा आला त्यांचा माणूस. तिसऱ्यांदा मी त्याला झाडावरचं कच्चं सफरचंद खायला दिलं. पुन्हा नाही आला." हार्लनने डोळे बारीक केले. "नकाशा नाही पाहिलास तू?"

तेवढ्यात रस्त्यावर पिकअपची रांगच लागली. अख्खा मंगळवार बाईंच्या मागोमाग आला होता. सगळ्यांत पुढे दुर्बीण गळ्यात अडकवून बर्नाडीन.

"भांडण झालं की व्हायचंय?" तिने उतरता उतरताच विचारलं.

"झालं," हार्लन म्हणाला. "माझी बहीण हरली."

"बाईंनी नकाशा पाहिला नाही!" योहोला आनंद आवरत नव्हता. "तीस वर्षं मी या दिवसाची वाट पाहतोय." त्याने फोन पुढे केला. नकाशा आता कुठे उघडला होता. यंत्र ओढ्यापलीकडे उभं राहणार होतं, कोळशाच्या जुन्या खाणीच्या ओसाड माळावर, जिथे तणही धड उगवत नाही. तिथून तीन रेषा खोल खाली जाऊन आडव्या वळत होत्या. लोरेटाने चष्मा लावला आणि बोट फिरवलं. हार्लनची बाग, तिचं कुरण, बर्नाडीनची टेकडी, शेवटी योहोचं रान.

"सगळ्यांच्या खालून जातायत," ती म्हणाली. "आणि वरचं गवतसुद्धा हलणार नाही."

यावर जो गलका उठला, त्याने खुंट्यांवरची पाखरं उडाली. योहोने बर्नाडीनला धरून एक गिरकी घेतली; दुर्बीण त्याच्या हनुवटीवर आपटली. मग हार्लनने गोठ्यातून कुदळी आणि फावडी आणून आलेल्या प्रत्येकाच्या हातात दिली.

लोरेटा रांगेच्या शेवटी गेली. शेवटची खुंटी कुंपणाच्या जुन्या दगडापलीकडे होती.

"हार्लन, ही माझ्या कुरणात आलीय."

"माहीत आहे मला," तो मान वर न करता म्हणाला.

तिने ती खुंटी उपटली, पावलं मोजत आणखी आत गेली आणि पुन्हा रोवली.

"रांग आखूड ठेवली होतीस. इथपर्यंत आणली तर मधे अजून दोन बसतील."

"दोन रोपं जास्तीची ठेवलीत मी," हार्लन म्हणाला. "आता खण."